घडीचं प्रमेय

मास्तरांचा हात वर गेला, आणि आपण प्रेक्षकांत बसलो आहोत हे लक्षात आल्यावर तो तसाच डोक्यावरून फिरून खाली आला. डोक्यावर केस असते तर हे सहज खपून गेलं असतं.

“काय झालं?” शेजारच्या खुर्चीतून बायकोने दबक्या आवाजात विचारलं.

“सूनबाईने माझ्या प्रमेयात अट घुसडली आहे.”

“मग?”

“मी अशी कोणतीही अट घातली नव्हती.”

“घरात तरी सगळ्या तुम्हीच घालता,” ती म्हणाली, आणि पर्समधली बडीशेप चाचपू लागली.

समोर पडद्याशेजारी सूनबाई उभी होती. हातात मार्कर, पाठीशी पांढरा फळा, आणि टेबलापलीकडे तिघे जण. मधे विभागाचे अध्यक्ष बसले होते. ते मास्तरांचे जुने विद्यार्थी, मास्तरांच्याच विषयात दोनदा नापास होऊन पुढे मोठ्या पदाला पोहोचलेले. डावीकडे तिचे मार्गदर्शक. त्यांनी सकाळपासून आपल्या टायची गाठ सोडून दुसऱ्या कशाशीही मतभेद दाखवला नव्हता. आणि उजवीकडे बाहेरून आलेले परीक्षक. या गृहस्थांविषयी सगळ्या विभागात चिंतेचं वातावरण होतं, कारण ते प्रबंध खरोखर वाचून आले होते.

जाहीर मौखिक परीक्षेचे काही अलिखित नियम असतात. उमेदवाराने चाळीस मिनिटं बोलायचं. परीक्षकांनी दोन-चार प्रश्न विचारायचे. मग अध्यक्षांनी सभागृहाकडे पाहून “कोणाला काही विचारायचंय?” असं म्हणायचं, आणि सभागृहाने दाराबाहेरच्या चहाच्या थर्मासकडे पाहायचं. नातेवाइकांनी शेवटच्या रांगेत बसायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या. मास्तरांनी स्वतः अठरा वर्षं विभागप्रमुख असताना हे नियम डोळ्यांत तेल घालून पाळून घेतले होते. त्यामुळे आज तोंड उघडायची सोय नव्हती.

पडद्यावर लिहिलं होतं: ‘समजा, जालकातला एकक हा सर्वांत वरचा घटक आहे. मग घडीचं प्रमेय लागू होतं.’

पहिलं वाक्य मास्तरांचं नव्हतं. दुसऱ्यातलं प्रमेय मात्र त्यांचंच होतं, एकतीस वर्षांपूर्वीचं, सतरा पानांचं. जगात ते माहीत असणारे लोक मास्तरांच्या हिशेबाने चाळीस आणि बायकोच्या हिशेबाने अकरा होते. “एकतीस वर्षं उभं आहे,” असं मास्तर म्हणाले की ती म्हणायची, “कोणी धक्का लावायला जवळच आलं नसेल.”

विषयाचं नाव भारदस्त होतं, क्रमनिरपेक्ष अवशेषी जालकं, पण मास्तर तो पाच मिनिटांत कोणालाही समजावून देत, मग समोरच्याची इच्छा असो वा नसो. जालक म्हणजे ठिपके, प्रबंधाच्या भाषेत घटक. काही ठिपके वर, काही खाली, आणि काही कोणाच्या अध्यात ना मध्यात. कुठल्याही दोन ठिपक्यांचा गुणाकार करता येतो. कोण आधी आणि कोण नंतर याने फरक पडत नाही, म्हणून क्रमनिरपेक्ष. एक ठिपका एकक. तो ज्याला गुणेल त्याला तसाच ठेवतो. राहता राहिला अवशेष. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तो बायकोला समजावला होता.

“समज, तू अमुक इतका आवाज करतेस. आपल्या दोघांचा मिळून आवाज शेजाऱ्यांच्या सहनशक्तीच्या वर जाता कामा नये. तर मी जास्तीत जास्त किती आवाज करू शकतो? तो अवशेष.”

“काहीच नाही,” ती म्हणाली होती. मास्तरांना हे उत्तर चुकीचं वाटलं होतं; पुढे संसारात बरोबर निघालं.

आणि घडीचं प्रमेय असं: एखाद्या जालकात प्रत्येक ठिपका स्वतःशी गुणला तरी स्वतःच राहत असेल, आणि ठिपके दोनांहून जास्त असतील, तर त्या जालकाची घडी घालता येते. काही ठिपके एकमेकांवर दुमडायचे, सगळे नियम सांभाळायचे, आणि लहान जालक हातात येतं. सगळंच चुरगाळून एका ठिपक्याचा बोळा करणं ही घडी नव्हे. तेवढं कोणालाही जमतं.

सूनबाईच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण या प्रमेयावर उभं होतं. मास्तरांना तिने त्याचा कच्चा खर्डा दाखवला होता तेव्हा ही अट त्यात नव्हती. त्यांना ती आज, शेवटच्या रांगेतून, परक्यासारखी पडद्यावर वाचावी लागत होती.

“हे मला समजलं नाही,” बाहेरचे परीक्षक म्हणाले. त्यांनी प्रबंधात पिवळी चिठ्ठी लावून ठेवली होती. “मूळ प्रमेयात एककाच्या जागेबद्दल काही अट नाही. सगळ्या जालकांना ते लागू आहे. तुम्ही ते एकक सर्वांत वर असणाऱ्या जालकांपुरतं का घेतलंत?”

“सोयीसाठी,” सूनबाई म्हणाली.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. सोयीसाठी! हे उत्तर आपल्या घरातल्या माणसाने द्यावं!

“सोय हे काही गणितातलं कारण नाही,” परीक्षक शांतपणे म्हणाले. “मूळ लेखकाने सगळं शेत नांगरून दिलंय आणि तुम्ही कुंडीत पेरणी केलीत. तुमचे पुढचे सगळे निष्कर्ष त्यामुळे अर्ध्यावर आले. एवढी कापाकापी करायला काही कारण असेल तर सांगा. नसेल तर हे प्रकरण मला अपुरं वाटतं. मला ते पुन्हा लिहून मागावं लागेल.”

पुन्हा लिहिणं म्हणजे एक वर्ष. मार्गदर्शकांनी टायची गाठ सैल केली. सूनबाईची महाविद्यालयातली नोकरी हंगामी होती. या सत्राअखेर पदवी हातात असेल तर कायम, नाही तर जागेची नवी जाहिरात. हे सभागृहात बहुतेकांना ठाऊक होतं. परीक्षकांना ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नसतं. मास्तरांनीही घेतलं नसतं.

“काही कारण आहे का?” परीक्षकांनी पुन्हा विचारलं.

सूनबाई गप्प उभी राहिली.

हे मास्तरांना नवीन होतं. ही मुलगी गप्प राहणारी नव्हती. घरात गळका नळ, शेजाऱ्यांची मोटार, सासऱ्यांचा रक्तदाब, कशावरही तिच्याकडे उत्तर तयार असे, आणि उत्तराला पुरावा जोडलेला असे. आता तिने क्षणभर शेवटच्या रांगेकडे पाहिलं, आणि डोळे लगेच टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे वळवले.

मास्तरांनी तीच नजर आधी पाहिली होती. गेल्या थंडीत ती रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत यायची आणि म्हणायची, “बाबा, ती तिसरी पायरी परत एकदा समजावता का?” तिसरी पायरी म्हणजे सतरा पानांतली सर्वांत सोपी ओळ: ‘साहजिकच, दोन घटकांचा गुणाकार दोघांच्याही खालीच येतो.’ मास्तर ती हसत हसत समजवायचे. ती ऐकून घ्यायची, थोडा वेळ तशीच बसायची, त्यांच्याकडे बघायची, आणि उठून जायची. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. असं सात वेळा झालं. मास्तर बायकोला म्हणालेसुद्धा, “पोरगी हुशार आहे, पण इतक्या सोप्या जागी अडखळते.”

सात वेळा.

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेच्या पाठीवर ठिपके काढायला घेतले. हात आपोआप कागदाच्या वरच्या टोकाला गेला, तिथे एकक. आयुष्यभर ते तसंच करत आले होते. फळ्यापुढे उभं राहायचं, हात उंच करायचा, वर एकक मांडायचा, मग खाली उतरत यायचं. वर एकक असला की गुणाकार दोघांच्या खाली येतोच. त्यात समजवण्यासारखं काही नाही. साहजिकच.

पण एककाने वर राहावं असं व्याख्येत कुठे लिहिलं होतं?

व्याख्या तर त्यांनीच लिहिली होती. त्यांनी ती मनातल्या मनात म्हणून पाहिली. लिहिलं नव्हतं.

त्यांनी वरचा ठिपका खोडला नाही. एकक तेवढा त्याच्या खाली आणला. वर एक, मधे एकक, खाली एक. हा कागद पाहून त्यांना स्वतःच्याच घरात कोणीतरी कपाटं हलवून ठेवल्यासारखं वाटलं. मधल्याने वरच्याला गुणलं. मधला एकक, म्हणजे उत्तर वरचाच. वरचा हा मधल्याच्या खाली कसा असेल?

पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि शाईचा चौथा ठिपका पसरू लागला.

“अहो, कागद भिजला,” बायको म्हणाली.

“भिजू दे.”

“बरं वाटत नाहीये का?”

मास्तरांनी या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. पायाखालची जमीन सरकायला हवी होती. एकतीस वर्षं होती ती. पण खरं सांगायचं तर त्यांना सगळ्यात आधी हसू आलं. तीन ठिपके! सतरा पानांचं प्रमेय पाडायला एखादं अक्राळविक्राळ जालक लागलं असतं तर निदान मान राहिला असता. राग त्याच्या मागून आला, आणि तो प्रमेयावर नव्हता. पुढे उभी असलेली ही मुलगी एक वर्ष आणि नोकरी घालवायला निघाली होती, कशासाठी, तर सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. असला हिशेब करणारीला आपण गणित शिकवलं!

“ठीक आहे,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी फॉर्म पुढे ओढला. “मग मला असं लिहावं लागेल—”

मास्तर उभे राहिले.

“मला एक प्रश्न विचारायचा आहे.”

सभागृहातल्या माना वळल्या. अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले, जुनी सवय.

“सर, प्रेक्षकांचे प्रश्न नंतर, म्हणजे, शेवटी...”

“मग हा शेवट समजा.”

अध्यक्ष बसले. दोनदा नापास झालेला माणूस तिसऱ्यांदा धोका पत्करत नाही.

मास्तरांनी सूनबाईकडे पाहिलं. घरात ते तिला ‘अगं’ म्हणत. इथे ते चालणार नव्हतं.

“मॅडम, समजा तुमची ही अट काढून टाकली. एकक सर्वांत वर नाही. मग या प्रमेयाचं काय होतं?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मान इतकी हलकेच हलवली की ती फक्त शेवटच्या रांगेला दिसावी. नको, असा त्याचा अर्थ होता.

“सर, तो भाग माझ्या प्रबंधाच्या कक्षेत येत नाही.”

“आणा कक्षेत. मी मूळ लेखक आहे. मला विचारायचा हक्क आहे.”

बाहेरचे परीक्षक वळले आणि त्यांनी चष्मा पुसला. “आपण तेच? माझ्या पुस्तकाचं सहावं प्रकरण आपल्याच प्रमेयावर आहे. आपल्याला भेटायची फार इच्छा होती.”

“भेटू या. आधी मॅडमना उत्तर देऊ द्या.” मास्तरांनी पत्रिका वर धरली, शाईचा डाग सगळ्यांना दिसला, ठिपके कोणालाच नाही. “मी सोपं करतो. फळ्यावर तीन ठिपके काढा, एकाखाली एक. एकक मधे.”

तिने काढले. तिचा हात जराही अडखळला नाही. हे चित्र तिने बरेचदा काढलं असावं.

“आता गुणाकार सांगा.”

“मधला एकक आहे, त्यामुळे तो कोणालाच बदलत नाही.” तिचा आवाज आधी कोरडा होता. “खालचा ज्याला गुणेल त्याला खाली ओढतो. वरचा स्वतःशी गुणला तर वरचाच. तिघेही स्वतःशी गुणल्यावर स्वतःच राहतात. अवशेषही सगळे मिळतात, मी तपासलेत.”

“म्हणजे माझ्या प्रमेयाच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. तिसरी पायरी?”

“मोडते. मधला गुणिले वरचा, उत्तर वरचा. ते मधल्याच्या खाली नाही.”

“पायरी मोडली म्हणून प्रमेय मोडतंच असं नाही. दुसऱ्या वाटेने सिद्ध होऊ शकतं.” मास्तर आता रांगेतून बाहेर येऊन मधल्या वाटेत पोहोचले होते. वर्गात फिरत शिकवायचे तसे. “घडी घाला पाहू याची.”

आता तिच्या आवाजात तो नेहमीचा, गळक्या नळाविषयी बोलतानाचा, ठामपणा परत आला.

“नाही पडत. वरचा मधल्यावर दुमडला, तर त्यांचे अवशेषही एकमेकांवर दुमडावे लागतात. गुणाकार मधल्याच्या वर जाऊ द्यायचा नसेल तर वरच्याला खालच्याशीच गुणावं लागतं. म्हणजे त्याचा अवशेष खालचा. मधल्याचा अवशेष मधलाच. म्हणून खालचा मधल्यावर येतो. तिघांचा बोळा. खालचा मधल्यावर दुमडून सुरुवात केली, तर दोघांना वरच्याने गुणायचं: खालचा खालीच राहतो, मधला वर जातो. परत बोळा. वरचा थेट खालच्यावर आणला तर मधला आपोआप चेपला जातो.” तिने मार्करला टोपण लावलं. “तीन घटक आहेत आणि घडी नाही.”

“मग मूळ प्रमेय?”

“चूक आहे, सर.”

“एकतीस वर्षं?”

“पहिल्या दिवसापासून, सर.”

“छान,” मास्तर म्हणाले, आणि ते खरंच तसं म्हणाले. रागावलेला माणूस म्हणतो तसं नव्हे. ते परीक्षकांकडे वळले. “तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? सगळं शेत नांगरलेलं नव्हतंच. मी फक्त कुंडी नांगरली होती आणि सातबारा सगळ्या शेताचा लिहिला होता.”

परीक्षक फळ्यावरच्या तीन ठिपक्यांकडे पाहत होते आणि त्यांची बोटं हवेत काहीतरी दुमडत होती. मग त्यांनी विचारलं, पण विचारलं ते सूनबाईला, आणि अगदी नम्रपणे.

“माझं सहावं प्रकरण?”

“तुमची अकरा उपप्रमेयं आहेत. सात वाचतात,” ती म्हणाली. “उरलेल्यांना ही अट घातली की तीही वाचतील. मी करून ठेवलंय. पाठवू का?”

“पाठवा.” त्यांनी प्रबंधातली पिवळी चिठ्ठी काढली आणि दुमडली. “पण हे तुम्ही प्रबंधात का नाही लिहिलंत? हाच तर खरा निष्कर्ष आहे. याच्यापुढे चौथं प्रकरण नुसती प्रस्तावना आहे.”

“घरगुती अडचण होती,” मास्तर म्हणाले. “ती आता दूर झाली आहे.”

शेवटच्या रांगेतून बायकोने मोठ्याने विचारलं, “म्हणजे नक्की काय झालं?”

“माझं चुकलं,” मास्तर वळून म्हणाले.

“फळ्यावर लिहून घ्या ते,” ती म्हणाली, आणि सभागृह जे दहा मिनिटं श्वास रोखून बसलं होतं ते एकदम हसलं. अध्यक्षसुद्धा हसले, आधी मास्तरांकडे एकदा बघून.

तिघांनी डोकी एकत्र केली. हे करताना त्यांनी बाजूच्या खोलीत जायचं असतं, पण आज सगळेच नियम विसरले होते. “एक परिशिष्ट जोडायचं,” “तीन आठवडे पुरेत,” “पदवीला माझी हरकत नाही, उलट,” असे तुकडे ऐकू येत होते. मार्गदर्शकांनी टाय सोडून खिशात घातला आणि सकाळपासूनचं पहिलं वाक्य उच्चारलं: “मी तिला हेच सांगणार होतो.”

मास्तर फळ्याजवळ पोहोचले होते. जवळून ते तीन ठिपके फारच किरकोळ दिसत होते.

“सातव्यांदा विचारलंस तेव्हा तरी मला कळायला हवं होतं,” ते हळूच म्हणाले.

“आठव्यांदा विचारणार होते, बाबा. पण तुम्ही इतके खुशीत समजवायचात...”

“सांगायचंस.”

“कसं सांगणार?”

“आत्ता सांगितलंस तसं. चूक आहे, सर. दोन सेकंद लागले.”

तिचे डोळे भरून येण्याची चिन्हं दिसताच मास्तरांनी घाईघाईने मार्कर हातात घेतला. असल्या प्रसंगांना त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

“तीनाला घडी नाही. मग चाराला? चौथा ठिपका ठेवून बघू.” त्यांनी मधल्या आणि खालच्या ठिपक्यांमधल्या रेघेवर एक नवा ठिपका टेकवला. “हा इथे.”

“तिथे नाही, बाबा,” ती पटकन म्हणाली. “तिथे ठेवलात तर घडी पडते. एककाच्या खाली दोघे झाले की पडतेच.”

“असं?”

“असंच. बघा, तो मधल्यावर दुमडतो आणि बाकीचे जागेवर राहतात.”

मास्तरांनी पाहिलं. दुमडत होता. त्यांनी तळहाताने तो ठिपका पुसला. तळहात काळा झाला.

मागे अध्यक्ष उभे राहून काहीतरी वाचून दाखवत होते. ‘शिफारस करण्यात येते’ असे शब्द आले, मग टाळ्या आल्या, बायकोच्या सर्वांत मोठ्या. दोघांनाही वळायचं राहून गेलं.

“मग खाली नको.” मास्तरांनी मार्कर मधल्या ठिपक्याच्या बाजूला, त्याच उंचीवर, टेकवला. “इथे ठेवला तर? ना वर, ना खाली. एककाच्या शेजारी.”

सूनबाईने तोंड उघडलं. मग मिटलं. तिने डोकं एका बाजूला कलतं केलं आणि बोटाने हवेत दोन घड्या घालून पाहिल्या.

“थांबा,” ती म्हणाली, आणि मार्कर त्यांच्या हातातून काढून घेतला.